आबांचा अंगठा आणि एक छोटा व्हाइस

मंडळी, बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, बाहेरच्यांना सांगतो. दिवाळीनंतर आमच्या मागच्या पडवीत एक छोटं मिलिंग मशीन येऊन बसलंय. निवृत्तीनंतर लोक अष्टविनायक करतात, चारधाम करतात. मी मशीन घेतलं. सौ.चं म्हणणं असं, की चारधाम स्वस्तात झालं असतं आणि पडवीत कपडे वाळत घालायला जागाही राहिली असती. बरोबर आहे तिचं.

मशीन आलं, पण मशीनवर वस्तू धरायची कशात? मशीन कातरतं, खोदतं, सपाट करतं. पण ज्याला कातरायचं त्याला कुणीतरी घट्ट धरायला हवं. त्यासाठी लागतो व्हाइस. जुन्या मराठी पुस्तकांत याला 'शेगडा' असा शब्द आहे. छान शब्द आहे, पण उद्यमनगरात जाऊन "एक शेगडा द्या" म्हटलं तर लोक मला शेगडीच्या दुकानाचा पत्ता सांगतील. तेव्हा आपण व्हाइसच म्हणू.

पहिली चूक मी लगेच केली. मशीनवर इतका खर्च झाला होता, की व्हाइसवर हात आखडला. एका दुकानात ड्रिल मशीनला लावतात तसला एक व्हाइस मिळाला. निळाशार रंग, चकचकीत दांडा, किंमत अगदी पटण्यासारखी. घरी आणला, टेबलावर बसवला आणि आत्याच्या कामाला लागलो.

आत्याचं काम म्हणजे असं. तिच्या वॉकरचा एक क्लॅम्प तुटला होता. ब्याऐंशी वर्षांची बाई, गेल्या पावसाळ्यात एकदा पडून झालेली. नवीन वॉकर घ्यायला ती तयार नाही. "ह्योच बरा हाय, हाताला सवय झालीया." म्हटलं, अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून क्लॅम्प करून देतो. ठोकळा व्हाइसमध्ये आवळला, कटर फिरवला, आणि दुसऱ्या की तिसऱ्या फेरीला ठोकळा सुटला. माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. भिंतीचा पोपडा निघाला. माझं काही गेलं नाही, पण हात तासभर थरथरत होते.

त्या संध्याकाळी मला आबांचा अंगठा आठवला.

आबा, म्हणजे आमचे वडील, उद्यमनगरात फिटर होते. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं वरचं पेर वाकडं होतं आणि नख अर्धंच यायचं. नवखे असताना पत्र्याचा तुकडा हातात धरून ड्रिलखाली घातला होता. ड्रिल पत्र्यातून आरपार जाता जाता शेवटच्या क्षणी अडकतं आणि पत्र्याला आपल्याबरोबर गरगर फिरवतं. हात कितीही दणकट असला तरी त्या झटक्यापुढे काही नाही. आबा फार बोलणारे नव्हते, पण आम्हा भावंडांना तो अंगठा दाखवून एवढंच म्हणायचे, "धरायचं काम हातानं करू नगा रं." मी पुढे मास्तर झालो, खडूपलीकडे काही धरायची वेळच आली नाही. त्यामुळे हे वाक्य चाळीस वर्षं तसंच पडून होतं.

मग मी व्हाइस या वस्तूच्या मागेच लागलो. निवृत्त माणसाला वेळ असतो.

माणूस वस्तू धरत होता कशानं? आपल्याकडे तर पायानं. आमच्या लहानपणी सुतार अंगणात बसून काम करायचे ते आठवा. फळी जमिनीवर, एक टोक पायाच्या बोटांत, आणि दोन्ही हात रंध्याला मोकळे. सोनार, लोहार, तांबट, सगळे बसून. पायाचा अंगठा हाच व्हाइस. त्यात कमीपणा काही नाही, त्याच बैठकीत आपल्याकडे काय काय घडलंय ते देवळांच्या दारांवर दिसतं. पण पायानं धरून कानस सरळ चालत नाही. लोखंड सपाट कानसायचं तर माणसाला उभं राहावं लागतं, सगळं वजन दोन्ही हातांवर आणावं लागतं, आणि समोरची वस्तू जागची हलता कामा नये.

युरोपात हे उभं राहणं आधी आलं. १५०५ सालच्या न्यूरेंबर्गच्या एका सचित्र हस्तलिखितात सुताराच्या बाकाला पेच लावून लाकूड आवळायची सोय काढलेली आहे. लोहारांकडे पुढे लांब पायाचा व्हाइस रुळला. त्याचा एक पाय थेट जमिनीवर टेकतो, म्हणजे वरून घणाचे घाव घातले तरी ते बाकावर न येता जमिनीत जातात. आपल्याकडच्या जुन्या लोहारशाळांत हा अजून दिसतो. कल्पना झकास, पण खोड अशी, की त्याचा जबडा खालच्या खिळीभोवती कमानीसारखा उघडतो. त्यामुळे दोन्ही जबडे समांतर होतात ते एकाच मापाला. त्याहून जाड किंवा बारीक वस्तू धरली की ती फक्त वरच्या किंवा खालच्या कडेवर पकडली जाते. घण मारायला चालतं, अचूक कामाला नाही.

समांतर सरकणारा जबडा करायचा म्हणजे सपाट पृष्ठभाग हवा. आणि सपाट पृष्ठभाग आणायचा कुठून? हा प्रश्न मला सगळ्यात गमतीचा वाटला. सपाट आहे की नाही हे तपासायला दुसरं काहीतरी सपाट लागतं, ते तपासायला तिसरं... १८४० साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज मेकॅनिकनं यावर निबंध वाचला. त्याआधी तो हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात कामाला होता. पद्धत अशी: बिडाच्या तीन प्लेटा घ्यायच्या. एकीला रंग लावून दुसरीवर घासायची, जिथे रंग लागेल तिथला उंचवटा हातानं खरवडायचा. दोनच प्लेटा घेतल्या तर फसगत होते. एक फुगीर आणि दुसरी खोलगट असली तरी त्या एकमेकींवर छान बसतात. पण पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर आणि तिसरी पहिलीवर, अशा तिन्ही जोड्या बसल्या, की तिन्ही सपाट असल्याशिवाय गत्यंतरच नाही. दोघांचं संगनमत होऊ शकतं, तिघांचं अवघड. आमच्या पतसंस्थेच्या हिशेबनिसाला मी हे सांगितलं, तो हसला नाही.

तर सांगत काय होतो, आज आपण जो चांगला व्हाइस विकत घेतो, त्यात पैसे या सपाटीचे असतात. लोखंडाचे नव्हेत.

आता हे सगळं कोल्हापुरात कसं आलं? १८९१ साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. रेल्वे म्हणजे नुसती गाडी नव्हे, तिच्यामागोमाग दुरुस्ती येते, फिटर येतो, त्याचा बाक येतो. शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर बसले. १८९५ ला शाहूपुरीची पेठ वसवली, तिथे गुळाचा व्यापार वाढला. १९०६ ला शाहू मिलची सुरुवात झाली. गिरणीत माग आणि चात्या, शेतात उसाचे लोखंडी चरक, पुढे विहिरीवर ऑइल इंजिनं. यातलं काहीही बिघडलं की गुऱ्हाळ थांबतं, आणि तोडलेला ऊस वाट बघत नाही. मुंबईहून भाग मागवून चार-सहा आठवडे बसायची सोयच नाही. आज संध्याकाळपर्यंत इथेच करून द्यायचा. माझं मत असं, की कोल्हापूरच्या मेस्त्रीला घडवलं ते याच घाईनं. कुठल्या शाळेनं नाही. म्हादबा मेस्त्रींचं नाव उद्यमनगरात आजही कसं घेतात ते ऐकलंत तर कळेल. एखाद्या गवयाचं घ्यावं तसं, कानाला हात लावून.

तिकडे साठेक किलोमीटरवर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली होती. त्यांच्या लोखंडी नांगरांना सुरुवातीला गिऱ्हाईक मिळता मिळेना, लोखंडानं जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांना भीती. पहिल्या महायुद्धात लोखंडाचा तुटवडा पडला, तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले, ही गोष्ट आमच्या भागात आजोबा नातवाला सांगत आलेत. मला ती फार आवडते. तोफेचं बीड ते! शेवटी उसाच्या मळ्यात चिखल तुडवायला गेलं.

पण या सगळ्यात माझं मन जिथे अडकलं ते वेगळंच आहे. खरी कॉर्नरच्या कॅमेरा मानस्तंभापाशी.

तिथून आपण सगळे शेकडो वेळा गेलोय. आनंदराव आणि बाबूराव पेंटर, मेस्त्री घराण्यातले हे दोन आते-मामेभाऊ की चुलतभाऊ यावर आमच्या कट्ट्यावर एकदा दोन तास वाद झाला होता, त्यात मी पडत नाही. नाटकांचे पडदे रंगवणारी माणसं. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ ला, आणि यांच्या डोक्यात सिनेमा शिरला. आधी सिनेमे दाखवण्याचा धंदा केला आणि तो करता करता स्वतःचा कॅमेरा जुळवायच्या मागे लागले. १९१६ ला आनंदराव गेले. बाबूरावांनी आणि त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांनी काम चालू ठेवलं, आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला. १९१७ ला स्थापन झालेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० ला पडद्यावर आला. हे आपण शाळेत वाचलंय, भाषणांत ऐकलंय. 'स्वदेशी कॅमेरा' म्हणून अभिमान बाळगलाय. पण त्यात अवघड काय होतं, हे मला ठोकळा कानाजवळून गेल्यावर कळलं.

सिनेमाच्या कॅमेऱ्याचं मुख्य काम फिल्म चालवणं हे नाहीच. फिल्म थांबवणं हे आहे. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रं. दर वेळी फिल्म भिंगासमोर येते, थांबते, पडदा उघडतो, उजेड पडतो, पडदा मिटतो, आणि मग एक आकडा फिल्मच्या कडेच्या भोकांत शिरून तिला नेमकी चार भोकं खाली ओढतो. पुन्हा थांबते. सेकंदात सोळा वेळा. ज्या क्षणी उजेड पडतो त्या क्षणी ती तसूभरही हलता कामा नये. फिल्मवरचं चित्र जेमतेम २५ मिलिमीटर रुंद. ते १२ फुटी पडद्यावर टाकलं की झालं जवळजवळ दीडशे पट. म्हणजे फिल्म जर एका मिलिमीटरच्या दहाव्या भागानं इकडे-तिकडे बसली, तर पडद्यावर द्रौपदी दीड सेंटिमीटर थरथरते. प्रत्येक चित्राला. बघणाऱ्याचं डोकं उठेल.

मिलिमीटरचा दहावा भाग म्हणजे वहीच्या एका कागदाची जाडी. ती चूकसुद्धा चालत नाही, त्याहून बारीक काम हवं. आणि हे रंगाऱ्यांच्या गावात, हातकामावर, अडीच-तीन वर्षं खपून. तो आकडा कानसताना, त्या फटीच्या पट्ट्या घासून सपाट करताना तुकडा कशात तरी धरलाच असेल ना कुणीतरी. आणि त्या धरणाऱ्यानं दगा दिला नसेल.

असो. मी पडवीत परत येतो.

भिंतीचा पोपडा तसाच ठेवून तो निळा व्हाइस पिशवीत घातला आणि उद्यमनगरात आबांबरोबर काम केलेल्या एका मेस्त्रींकडे गेलो. आता तेही सत्तरीच्या पुढे, दुकान मुलगा बघतो. त्यांनी व्हाइस हातात घेतला, उलटा केला, खालून बघितला. वरून कुणी बघत नाही म्हणाले, वरून फक्त रंग दिसतो. मग सरकता जबडा दोन बोटांत धरून वर उचलला. उचलला गेला की! चांगला अर्धा मिलिमीटर. "सर, ह्यो टाळ वाजवायला बरा हाय बघा."

मग त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगतो, कारण पुढेमागे कुणाला उपयोगी पडेल. व्हाइसचा पेच असतो खाली आणि वस्तू पकडली जाते वर. त्यामुळे आवळलं की सरकता जबडा नुसता पुढे जात नाही, वरच्या बाजूनं मागे कलतो आणि पुढच्या बाजूनं उचलला जातो. बरोबर वस्तूलाही उचलतो. तुम्हाला वाटतं घट्ट बसली, पण ती खालच्या बैठकीवर टेकलेलीच नसते, नुसत्या एका कडेवर लोंबकळत असते. कटर लागला की सुटते. चांगल्या व्हाइसमध्ये सरकत्या जबड्याची बैठक त्याच्या उंचीपेक्षा लांब असते आणि खालून नीट बसवलेली पट्टी त्याला उठू देत नाही. त्याहून चांगल्यात जोराची दिशाच तिरकी करतात. अमेरिकेत कर्ट कंपनीनं पाचराच्या आकाराचा तुकडा घालून अशी रचना प्रसिद्ध केली, की पुढे जितका जोर, त्याच्या निम्मा खालीही लागतो. टूलमेकरच्या छोट्या पोलादी व्हाइसमध्ये पुढे पेच नसतोच. तिरपा बोल्ट जबड्याला पुढे आणि खाली असं एकदमच ओढतो.

तपासायची रीत तर फारच सोपी. वस्तूखाली दोन समान उंचीच्या पट्ट्या ठेवायच्या, आवळायचं, वरून मऊ हातोडीनं एक टिचकी मारायची आणि पट्ट्या बोटानं सरकवून बघायच्या. सरकल्या तर व्हाइस खोटा. माझ्या निळ्यातल्या दोन्ही पट्ट्या घरंगळून बाहेर पडल्या.

मी विचारलं, मग मोठा चार इंची बिडाचा घेऊ का, आयुष्याची चिंता नको? मेस्त्री हसले. छोट्या मशीनला मोठा व्हाइस म्हणजे लुनाला बैलगाडी जोडल्यासारखं. टेबलापासून कटरपर्यंत उंचीच मुळात वीतभर, त्यातली निम्मी व्हाइसच खाणार. वर वस्तू ठेवायची कुठे? शिवाय टेबलाच्या बाहेर लोंबणार तो वेगळाच. हे मला सुचलंच नव्हतं. घेताना आपण जबडा किती उघडतो ते बघतो, उंची बघत नाही.

बिडाबद्दलही एक गोष्ट शिकलो. बीड दाब फार सोसतं, थरथर पिऊन टाकतं, म्हणून मशीनचं अंग बिडाचं असतं. पण ताण सोसत नाही. व्हाइस आवळताना मागचा स्थिर जबडा ताणाखाली असतो. दांड्याला पाइप लावून लटकणारे महाभाग असतात, त्यांचा व्हाइस तिथेच मोडतो. आणि ताजं ओतलेलं बीड घाईनं मशीनवर घेतलं तर आतला ताण हळूहळू सुटत जातो आणि सपाट केलेलं पुढे वाकडं होतं. म्हणून जुने लोक ओतीव भाग महिनोन्‌महिने उन्हापावसात टाकून ठेवायचे. आपल्या शिरोलीत, गोकुळ शिरगावात इंजिनांचे ब्लॉक ओतणारी माणसं हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, पुढे या वसाहती उभ्या राहिल्या, आणि चरक दुरुस्त करणाऱ्यांची नातवंडं देशभरच्या मोटारींना सुटे भाग पुरवू लागली. मात्र माझा व्हाइस शेवटी मिळाला तो बाहेरगावचा. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

६३ मिलिमीटर रुंदीचा, पोलादी, कडक करून ग्राइंड केलेला, तिरप्या बोल्टचा. मशीनच्या एक तृतीयांश किमतीला. हा आकडा सौ. इथेच पहिल्यांदा वाचेल, म्हणून जरा मध्येच टाकलाय. मेस्त्रींनी डायल लावून बघितलं: बैठकीवर शंभर मिलिमीटरात काटा दोन शतांशही हलला नाही. मग स्थिर जबड्यावर डायल टेकवून आवळला. तिथेही काटा जागच्या जागी. त्यांनी मान हलवली आणि व्हाइस मला परत देण्याआधी उगीचच एकदा फडक्यानं पुसला.

निघताना म्हणाले, "आबांचा बाक हाय का अजून?" आहे. मागच्या खोलीत, त्यावर जुन्या वह्यांचे गठ्ठे. त्याला आबांचा बाकावरचा व्हाइस अजून बोल्टनं पक्का आहे. लहानपणी कानस शिकायचा हट्ट धरला होता, तेव्हा आबांनी मला त्याच्यासमोर दोन विटांवर उभं केलं होतं. व्हाइसची वरची कड आणि फिटरचं कोपर एका उंचीला हवं, नाहीतर कानस डोलते. मी दोन दिवसांत कंटाळलो. विटा मात्र बाकाखाली बरीच वर्षं होत्या.

गठ्ठे हलवले, गंज पुसला, जबडा दोन बोटांत धरून उचलून बघितला. हलला नाही.

आत्याचा क्लॅम्प बुधवारी बसवला. तिनं वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, डावीकडं जरा कुरकुरतंय. ते बरोबर आहे, ग्रीस लावायचं राहिलंय. रविवारी जातो.